ओंजळभर मीठ

फार जुन्या काळची गोष्ट आहे. किती जुनी, ते कोणी मोजून ठेवलेलं नाही. समुद्राच्या काठाला एक नगर होतं. नगराला उंच तट होता, तटाला एकच वेस होती, आणि वेशीबाहेर नजर पोहोचेल तिथवर राजाची मिठागरं पांढरी चमकत असायची.

त्या नगरात धान्य ज्याचं त्याचं होतं, विहिरीचं पाणी सगळ्यांचं होतं, पण मीठ मात्र एकट्या राजाचं होतं. समुद्र उशाशी असूनही खाऱ्या पाण्याचा एक तांब्या कोणाला घरी आणता येत नसे. मीठ हवं असेल, तर सकाळी चौकातल्या मीठघरापुढे रांगेत उभं राहायचं. तिथे एक लाकडी फळी आडवी ठोकलेली होती. फळीमागे राजाचा मापारी बसे. तो पैसा मागत नसे. तो फक्त विचारी, "शेजारी काय पाहिलंस?"

मग शेजाऱ्याच्या घरातली एक गोष्ट सांगायची. गोष्ट लहान असली तर चिमूटभर मीठ मिळे. मोठी असली तर मूठभर. आणि राजाच्या कानावर घालण्याजोगी असली, तर ओंजळभर.

राजाच्या आजोबांविरुद्ध म्हणे कधीकाळी कोणी कट केला होता. तेव्हापासून त्या घराण्याला सुखाची झोप नव्हती. पहारेकरी ठेवून ठेवून किती ठेवणार? त्यापेक्षा प्रत्येक घरावर शेजारचं घर पहाऱ्याला बसवावं, असं त्यांनी ठरवलं. आणि लोकांना त्याची सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, बाळांनो. चावणाऱ्या वहाणेचीसुद्धा होते.

आणखी एक कायदा होता. आपलं मीठ दुसऱ्याला द्यायचं नाही. घेणाऱ्याला राजा सोडून देई, देणाऱ्याला सोडत नसे. तो म्हणे, घेणारा नुसता भुकेला असतो. पण आज जो मीठ देतो, तो उद्या कशालाच भिणार नाही.

मूल लहान असेपर्यंत त्याचं आईबापांच्या मिठात भागे. ज्या दिवशी त्याची हनुवटी फळीवर टेकेल, त्या दिवसापासून त्याने आपलं मीठ आपण सांगून आणायचं. याला 'फळीला लागणं' म्हणत. फळीला लागणाऱ्या मुलाला घरून काही शिकवून पाठवणं हा मोठा गुन्हा होता. मूल कोरं यायला हवं. मापारी पहिल्या दिवशी मुलाला गोड आवाजात विचारी, घरी कोणी काही सांगितलं होतं का रे? आणि मुलं खरं तेच सांगत.

या नगरात, तटाच्या सावलीतल्या एका गल्लीत, सगुणा नावाची मुलगी आईबरोबर राहायची. वडील ती पाळण्यात असतानाच गेले होते. आई काथ्याचे दोर वळून पोट भरायची.

सगुणाला आईची लाज वाटे. सकाळी ती आईबरोबर रांगेत उभी राही, आणि आईची पाळी आली की तिला वाटे, भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं. कारण आई सांगे, कोपऱ्यावरच्या काकूंची आमटी काल उतू गेली. किंवा सांगे, समोरच्यांच्या मांजराने स्वतःचीच शेपूट चावली. मापारी जांभई देई आणि चिमूटभर मीठ टाकी. तेही इतकं, की वाऱ्याची झुळूक आली तर हातात काही उरू नये.

त्यांची सगळी गल्लीच तशी. कोणाची भाकरी करपलेली, कोणाचा नवरा घोरणारा. एवढी माणसं, आणि एकालाही मुठीएवढी गोष्ट दिसू नये?

वरच्या आळीतली वेणू सगुणाहून थोडी मोठी, आधीच फळीला लागलेली. तिच्या घरी मूठभर मीठ येई. एकदा विहिरीवर सगळ्या मुलींसमोर तिने विचारलं, "सगुणे, तुमच्याकडे आमटीत मीठ घालतात, की आमटीला नुसतं दाखवून परत ठेवतात?"

मुली हसल्या. सगुणाही हसली, कारण अशा वेळी हसावंच लागतं. मग घरी येऊन तिने घागर आपटली आणि आईला म्हणाली, तुला साधी एक मोठी गोष्ट दिसत नाही का गं कधी? आई काथ्या वळता वळता म्हणाली, डोळे म्हातारे झाले माझे. आई काही म्हातारी नव्हती.

या गल्लीत एक बुरूडआजोबा होते. बांबू तासून सुपं, टोपल्या विणायचे. एकटाच जीव. सगुणाला ते चक्रम वाटत. रोज सकाळी दारातून बाहेर पडताना त्यांचं काही ना काही चुकलेलं असे. आज पागोटं वाकडं, उद्या सदरा उलटा, परवा एका पायात वहाण आणि दुसऱ्यात खडाव. एकदा तर विहिरीवरून रिकामीच घागर खांद्यावर घेऊन आले आणि गल्लीभर म्हणत चालले, पाणी फार जड झालंय हो हल्ली.

बायका दारात येऊन तोंडाला पदर लावून हसत. कोणी विचारी, "काय आजोबा, आज सगळ्यांना पुरेल ना?"

"पुरेल, पुरेल," आजोबा म्हणत. "कमी पडलं तर चिखलात बसतो की."

मग रांगेत एकजण आजोबांचं पागोटं सांगे, दुसरी त्यांची वहाण सांगे, तिसरी घागर. सगुणाला वाटे, एका खुळ्या म्हाताऱ्याची थट्टा करण्यापलीकडे या लोकांना काही येत नाही.

गल्लीच्या टोकाला, तटाला पाठ लावून, भिवरामावशीचं घर होतं. तिच्या तरण्या मुलाला राजाच्या शिपायांनी नेलं होतं. फळीवर कोणीतरी काहीतरी सांगितलं होतं. कोणी, ते कळलं नाही. मुलगा परत आला नाही. त्या दिवसापासून भिवरामावशी मीठघराकडे फिरकली नव्हती. माझ्या जिभेने दुसऱ्या कोणाचं पोर जायला नको, एवढं ती एकदा म्हणाली होती. त्यानंतर तिच्या घरात मीठ शिजत नाही, असं सगळे म्हणत. अळणी खाऊन खाऊन बाई वाळत चालली होती. भिंतीला धरून उठायची, भिंतीला धरून बसायची.

एका दुपारी सगुणा घरावर काथ्या वाळत घालायला चढली होती. उन्हामुळे सगळ्यांची दारं लावलेली होती. तेवढ्यात बुरूडआजोबा काखेत सूप घेऊन आले. भिवरामावशीच्या खिडकीशी वाकले. खिडकीच्या कट्ट्यावर एक करवंटी पालथी घातलेली होती. ती त्यांनी उचलली, धोतराच्या सोग्याची गाठ सोडून काहीतरी तिथे ठेवलं, करवंटी परत पालथी घातली आणि निघाले. पागोटं अगदी सरळ होतं. पाऊल नीट पडत होतं. तोंडावर खुळेपणाचा मागमूस नव्हता.

ते वळल्यावर सगुणा खाली उतरली आणि तिने करवंटी उचलून पाहिली. खाली चिमूटभर मीठ होतं.

तिला राग आला. का आला, ते तिलाही नीट कळलं नाही. आपल्याला कोणीतरी फसवत आलंय, असं तिला वाटलं. हा म्हातारा खुळा नाही. हा लबाड आहे.

पुढे काही दिवसांनी सगुणाची हनुवटी फळीवर टेकली.

त्या सकाळी आईने तिची वेणी घातली. फार सावकाश घातली. मधेच हात थांबत, मग पुन्हा चालू होत. आई म्हणाली, आज आजोबा कसे निघालेत, पाहिलंस का? सगुणा म्हणाली, त्यांचं रोजचंच आहे. थोड्या वेळाने आईने पुन्हा तेच विचारलं. मग तिसऱ्यांदा विचारलं. सगुणा वैतागून म्हणाली, पाहिलं गं बाई.

आणि पाहण्यासारखंच होतं. त्या दिवशी आजोबांनी डोक्याला पागोटं बांधलंच नव्हतं. भली मोठी नवी टोपली डोक्यावर पालथी घातली होती आणि ते सगुणाच्या दारावरून गेले. परत फिरले आणि पुन्हा गेले. टोपलीखालून तिच्याकडे बघून हसले. सगुणाने मान फिरवली. वेणूच्या आळीतल्या कोणी पाहिलं, तर काय म्हणतील.

फळीपुढे तिची पाळी आली. मापारी गोड आवाजात म्हणाला, "ये, बाळ. कोणी काही शिकवून पाठवलंय का तुला?"

"नाही."

"बरं. शेजारी काय पाहिलंस?"

टोपली तिच्या जिभेवर आली होती. पण मागे रांगेत वेणू आपल्या वडिलांबरोबर उभी होती. ती कोणाच्या तरी कानाशी लागून खुसखुसली. सगुणाने टोपली गिळली आणि करवंटी सांगितली.

सगळं सांगितलं. दुपार सांगितली, खिडकी सांगितली, धोतराची गाठ सांगितली. तिचा आवाज खणखणीत होता. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, की रांगेतला गलबला थांबलाय. तिला वाटलं, सगळे कौतुकाने ऐकतायत.

मापाऱ्याने माप बाजूला ठेवलं आणि दोन्ही हातांनी मीठ उचलून तिच्या वाडग्यात ओतलं. "शाबास," तो म्हणाला. पण म्हणताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

घरी येताना सगुणा पुढे होती आणि आई मागे. गल्लीत शिरल्यावर दारं लागत गेली. एकही दार कोणी आपटलं नाही. सगळी हलकेच लागली.

शिपाई आले तेव्हा सूर्य डोक्यावरही आला नव्हता. आजोबा अंगणात बांबू तासत होते. त्यांनी कोयता बाजूला ठेवला, हात धुतले, डोक्यावरची टोपली काढून भिंतीशी टेकवली. आत जाऊन पागोटं बांधून आले. सरळ, नेटकं. गल्लीने इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच असं सगळं नीट घालून बाहेर पडताना पाहिलं. शिपायांना ते म्हणाले, अर्धं सूप राहिलंय, या बांबूच्या कामट्या तेवढ्या पाण्यात टाकतो, वाळल्या तर मोडतील. शिपाई थांबले. कामट्या पाण्यात टाकून आजोबा निघाले.

कोणी सांगितलं, हे त्यांनी विचारलं नाही. सगुणाच्या दारासमोरून जाताना त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. त्यात राग नव्हता. चुलीवरचं दूध उतू गेल्यावर घरातलं माणूस जसं बघतं, तसं पाहिलं, आणि गेले. वेशीबाहेर, मिठागरावर. तिथे गेलेलं माणूस खाऱ्या पाण्यात उभं राहून मीठ ओढतं. टाचा फुटतात. पांढऱ्यावर पडलेलं ऊन डोळे खातं.

आईने स्वयंपाक केला. सगुणाच्या पानाशी तिने तो मिठाचा वाडगा आणून ठेवला आणि म्हणाली, आजपासून तुझं तू घाल.

सगुणाने आमटीत मीठ घातलं. एक घास खाल्ला. चांगला लागला. बाळांनो, पुढे आयुष्यभर ती सगळं विसरू शकली, पण हे विसरू शकली नाही, की तो पहिला घास तिला चांगला लागला होता.

आई जेवत नव्हती. सगुणा म्हणाली, "माझं काय चुकलं? मी खोटं बोलले का?"

"नाही," आई म्हणाली. "तू अगदी खरं बोललीस."

मग आईने उठून दार लावून घेतलं. आता तू फळीला लागलीस, म्हणजे आता सांगता येईल, असं म्हणून तिने आवाज खाली आणला आणि सांगायला सुरुवात केली. या गल्लीतल्या लोकांनी कधी तोंडाने ठरवलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं, की कोणाला बाधेल असं फळीवर सांगायचं नाही. पण रोज नवं काय सांगणार? भाकरी तरी रोज किती करपणार? म्हणून आजोबा रोज सकाळी काहीतरी वाकडं करून निघत. त्यांच्या एका वाकड्या पागोट्यावर गल्लीतल्या सगळ्या चुली खारट होत. आपलं हसं करून घेऊन ते गल्लीला सांगण्यासारखं काहीतरी देत होते.

"आणि आजची टोपली," आई म्हणाली, "ती तुझ्यासाठी होती. पोरीचा पहिला दिवस आहे, चांगली ठळक गोष्ट हवी, म्हणाले."

सगुणाच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

घास कसाबसा गिळून तिने विचारलं, "मग मला का नाही सांगितलंस?"

आई म्हणाली, "भ्याले. तुला शिकवून पाठवलं असतं आणि तू ते तिथे बोलली असतीस, तर मला नेलं असतं. मी मला वाचवलं आणि तुला कोरी पाठवली. लाज काही एकट्या तुझीच नाही."

दुसऱ्या दिवशी सगुणा मनाची तयारी करून बाहेर पडली. वाटलं, बायका बोलतील. शिव्या देतील, पाठ फिरवतील. तसं काही झालं नाही. कोपऱ्यावरच्या काकू म्हणाल्या, येतेस का पाण्याला? समोरच्यांनी तिची घागर उचलून दिली. सगळे तिच्याशी पाहुण्यासारखे चांगले वागत होते. तिच्यासमोर आता कोणी हसत नव्हतं, कोणी काही उघडं टाकत नव्हतं. ती दिसली की बोलणं संपलेलं असायचं. एखाद्याने थोबाडीत मारली असती, तर ती त्याच्या पाया पडली असती.

आणि तो वाडगा. तो घरात नको होता, पण घालवायचा कुठे? ती दारोदार घेऊन फिरली. कायद्याची भीती तिला राहिली नव्हती. पण प्रत्येक घरी तेच उत्तर मिळालं. आहे गं बाई आमच्याकडे. नव्हतं, हे तिला माहीत होतं. विहिरीत टाकावं, तर सगळ्यांचं पाणी जाणार. शेवग्याच्या बुंध्याशी ओतावं, तर झाड मरणार. दमट हवेने मिठाला पाणी सुटायला लागलं. वाडगा कोनाड्यात बसून पाझरायचा, आणि भिंतीवर त्याचा ओघळ उतरायचा.

फळीवर आता दुसरंच सुरू झालं. मापारी गल्लीतल्या माणसांना म्हणू लागला, तुमच्यात ओंजळभर निघतं, हे आता कळलंय. आमटी उतू गेल्याचं सांगू नका. चिमटीच्या गोष्टीला तो काहीच देईना. आजोबा गेले होते, आणि सांगायला काही उरलं नव्हतं. दोन घरं बरेच दिवस अळणी खात राहिली. मग एका सकाळी विहिरीवर दोघी जावा भांडल्या, आणि भांडता भांडता एक म्हणाली, थांब, सांगतेच उद्या फळीवर. या गल्लीत हे वाक्य आजवर कोणी बोललं नव्हतं. सगुणा तिथेच घागर घेऊन उभी होती.

ती घागर तशीच ठेवून भिवरामावशीकडे गेली. खिडकीतली करवंटी शिपायांनी फोडून टाकली होती. मावशी आत भिंतीला टेकून बसली होती.

"मावशी, मीच सांगितलं," सगुणा म्हणाली.

"माहीत आहे."

"मला काहीतरी बोला."

"काय बोलू?" मावशी म्हणाली. "त्यांचं मीठ मी खाल्लं, आणि त्यांना नेलं तेव्हा मी दाराला आतून कडी घातली. तुला बोलायला मला तोंड कुठलं?"

सगुणा खाली मान घालून उभी राहिली. मावशी तिच्याकडे बघत होती.

"लाज वाटते का?"

सगुणाने मान हलवली.

"मलाही वाटते. तेव्हापासून उराशी घेऊन बसलेय. पण घरात बसून राहिलेल्या लाजेने अजून कोणाची सुटका झालेली नाही, पोरी."

सकाळी सगुणा वाडगा घेऊन रांगेत उभी राहिली. आई तिच्या मागे होती. काय करणार आहेस, असं आईने विचारलं नाही. तिला अंदाज आला होता, आणि तिने पदराचं टोक दातांत धरलं होतं.

सगुणाने वाडगा फळीवर ठेवला. "हे परत घ्या."

मापारी रोजच्या सवयीने म्हणाला, "दिलेलं मीठ परत घेत नाहीत. सांगितलेलं खोटं निघालं, तरच घेतात." बोलल्यावर तो थांबला.

"मग घ्या," सगुणा म्हणाली. "मी खोटं सांगितलं."

मापाऱ्याने आवाज खाली आणला. तो म्हणाला, करवंटीखाली मीठ सापडलं होतं. शिपायांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं.

"ते मी ठेवायचे. आईच्या डब्यातून चोरून. आजोबांचं नाव उगीच घेतलं."

या माणसाने एवढी वर्षं फळीमागे बसून माणसांचं बोलणं ऐकलं होतं. खरं कुठलं आणि खोटं कुठलं, हे त्याला आवाजावरून कळे. त्या दिवशी खणखणीत आवाजात करवंटी सांगणारी मुलगी त्याला आठवत होती. तो म्हणाला, "खोटं सांगणाऱ्याला, ज्याच्याबद्दल सांगितलं त्याच्या जागी जावं लागतं. माहीत आहे ना?"

"माहीत आहे," सगुणा म्हणाली. खरं तर तिला माहीत नव्हतं. ओंजळ अजून फळीवरच होती. ओढून घेता आली असती.

तिने वाडगा आणखी थोडा पुढे सरकवला.

मापाऱ्याने आईकडे पाहिलं. डब्यातलं मीठ कमी व्हायचं का, असं विचारलं. तिने पदर दातांतून सोडला नाही. नुसती मान हलवली, एकदा, हो म्हणून.

"हिने ठेवलं, हे दुसऱ्या कोणी पाहिलं का?"

मागे काठीचा आवाज झाला. लोकांनी वळून पाहिलं आणि वाट दिली. भिवरामावशी आली होती. मुलगा गेल्यापासून फळीपुढे न आलेली बाई लोकांच्या खांद्यांना धरत पुढे आली.

"त्या करवंटीखालचं मीठ मी खाल्लंय," ती म्हणाली. "बुरूडआजोबांनी ते ठेवलं नाही."

"मग कोणी ठेवलं?"

"ते मी पाहिलं नाही. त्यांनी ठेवलं नाही, एवढं पाहिलं."

मापाऱ्याने वाडगा उचलला आणि मागच्या ढिगावर रिकामा केला. मग त्याने चिमूटभर मीठ घेऊन भिवरामावशीपुढे धरलं. तिने ते घेतलं नाही. आली तशी परत गेली.

वेशीपाशी आत येणारे आजोबा आणि बाहेर जाणारी सगुणा समोरासमोर आली. आजोबा शिपायाचा दंड धरून चालत होते. त्यांचे डोळे लाल होते आणि पाण्याने भरलेले होते. पायांना चिंध्या गुंडाळल्या होत्या.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"सगुणा."

आपल्या पायांशिवाय तिला कुठेच बघवेना.

आजोबा धुळीत खाली बसले. पायाच्या चिंध्या एकेक करून सोडल्या, झटकल्या आणि तिच्या हातात दिल्या. "पाण्यात उतरायच्या आधी टाचा गुंडाळ," ते म्हणाले. "आणि पांढऱ्याकडे टक लावून बघू नकोस."

एवढंच म्हणाले. सगुणा तेव्हा रडली. तोवर रडली नव्हती.

हंगाम संपेपर्यंत तिने मीठ ओढलं. परत आली तेव्हा तिच्या टाचांना भेगा होत्या, आणि त्या जन्मभर भरल्या नाहीत. आजोबांची नजरही गेली ती गेलीच. पुढे त्यांच्या सुपाची वीण चुकायची, आणि सगुणा शेजारी बसून त्यांच्या हातात एकेक कामटी द्यायची. त्या दिवसाबद्दल दोघं कधी बोलली नाहीत. कुठल्याही ओंजळीने ते भरून येण्यासारखं नव्हतं.

पण त्या गल्लीत एक गोष्ट बदलली. ज्या मुलाची हनुवटी फळीला टेकायला आली असेल, त्याला त्याचे आईबाप आदल्या दिवशी समोर बसवत आणि सगळं सांगत. शिकवून पाठवणं हा गुन्हा आहे, हे माहीत असूनही सांगत. भीत भीत सांगत, पण सांगत. आणि म्हणतात, की मापाऱ्याने त्या गल्लीतल्या मुलांना तो पहिला प्रश्न विचारणं हळूहळू सोडून दिलं, आणि उतू गेलेल्या आमटीलाही तो पुन्हा चिमूटभर मीठ देऊ लागला. राजाला हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्याच्या कानावर घालण्याजोगी गोष्ट त्या गल्लीतून पुन्हा कधी आली नाही.

तात्पर्य: आपण केलेल्या चुकीची लाज वाटली, तर मान खाली घालून घरात बसू नये, ती लाज घेऊन, जिथे चूक केली तिथे परत जावं.